गल्ल्यामागची खुर्ची

फेब्रुवारीतला शनिवार, सकाळचे नऊ. हडसन नदीच्या न्यू जर्सीकडच्या काठावर एक गाव आहे. तिथल्या सरकारी हायस्कूलच्या कॅफेटेरियाबाहेर रांग लागली होती. शाळेला सुट्टी होती आणि रांगेत सगळी मोठी माणसं होती: हॉटेलात भांडी घासणारे, घरोघर जाऊन म्हाताऱ्यांची देखभाल करणाऱ्या बायका, गोदामातले मजूर, एक टॅक्सीवाला. प्रत्येकाच्या हातात पाकीट आणि पाकिटात ‘डब्ल्यू-टू’ नावाचा कागद. वर्षभरात पगार किती दिला आणि कर किती कापला, याचा मालकाने दिलेला तो दाखला. आत जेवणाच्या लांबलचक टेबलांवर लॅपटॉप उघडून अकरावी-बारावीची मुलं बसली होती आणि एकेकाला बोलावून आयकराचं विवरणपत्र भरून देत होती. फुकट.

लोकांचे कागद दिसणार नाहीत एवढ्या अंतरावर मला बसवलं होतं. दोन माणसांच्या मधल्या वेळात सतरा वर्षांची एक मुलगी येऊन मला सगळं समजावून सांगायची. मुलं किती, त्यातलं कोण वर्षातले सहा महिन्यांहून जास्त तुमच्या घरी राहिलं, बायको कमावते का, मध्ये दुसरी नोकरी होती का, असे खासगी प्रश्न तिला तिच्या बापाच्या वयाच्या माणसाला विचारावे लागतात. कमी पगारावर राबणाऱ्या कुटुंबांसाठी इथे १९७५पासून एक करसवलत आहे. घरात तीन मुलं असतील तर ती सात हजार डॉलरांच्या वर जाऊ शकते. तेवढा कर देय नसला तरी उरलेली रक्कम सरकार हातात देतं. पण ती मागावी लागते, आणि नेमक्या रकान्यांत मागावी लागते. बाहेरचा एजंट हेच काम करायला त्याच परताव्यातून आपला वाटा कापून घेतो.

मुलीने भरलेलं विवरणपत्र थेट सरकारकडे जात नाही. पलीकडे बसलेला एक निवृत्त हिशेबनीस ते ओळीओळीने तपासतो. एकाने भरायचं, दुसऱ्याने तपासायचं, हा या योजनेचा नियमच आहे. ही योजना केंद्रीय करखात्याची असून १९६९पासून चालू आहे. इथे बसण्याआधी या मुलांना करखात्याची परीक्षा द्यावी लागते, आचारसंहितेचा पेपरही सोडवावा लागतो.

अंकाचा विषय ‘पहिली कमाई’ असल्याचं संपादकांनी कळवलं, तेव्हा मला ही मुलं आठवली. त्या शनिवारी त्यांना कुणी एक डॉलरही देत नव्हतं. पण ती शाळेतल्या ज्या विभागातून आली होती, तो विभाग कमाई शिकवायलाच निघाला आहे. त्याचं नाव ‘अकॅडमी ऑफ फायनान्स’. मी ती पाहायला गेले. मुलांची नावं छापायची नाहीत असं ठरलं होतं, म्हणून शाळेचंही नाव इथे देत नाही.

शाळेतली शाळा

ही अकादमी शोधायला गेलात तर वेगळी इमारत सापडत नाही. साधंच सरकारी हायस्कूल, दीड-दोन हजार मुलांचं. प्रवेशाला परीक्षा नाही, फी नाही. गावात राहत असाल तर ही तुमची शाळा. तिच्या दुसऱ्या मजल्यावरच्या चार-पाच खोल्या, सहा-सात शिक्षक आणि ज्यांनी स्वतः अर्ज केला ती मुलं, एवढीच अकादमी. बाकी जिना, जिम, बास्केटबॉलचा संघ, जेवणाची रांग सगळ्यांची एकच.

मुलं नववीत किंवा दहावीत येतात आणि बारावीपर्यंत एकत्र राहतात. त्यांचे इंग्रजीचे, गणिताचे, इतिहासाचे शिक्षकही शक्यतो तेच राहतात. इंग्रजीच्या तासाला कादंबरी असते आणि नोकरीचा अर्जही असतो. गणिताच्या तासाला चक्रवाढ व्याज शिकवताना तीस वर्षांच्या गृहकर्जाचं कोष्टक मांडलं जातं आणि पहिल्या वर्षांत हप्त्यातलं बहुतेक व्याजच कसं जातं, ते मुलं आपल्या डोळ्यांनी पाहतात. सोबत दरवर्षी एखाद-दुसरा धंद्याचा विषय असतो: आधी घरगुती पैशाचं व्यवस्थापन, मग हिशेब, मग अर्थशास्त्र, उद्योजकता, व्यवसायातली नीती. न्यू जर्सीत हायस्कूल पूर्ण करायचं तर अर्थसाक्षरतेची अडीच क्रेडिट्स प्रत्येकालाच घ्यावी लागतात. अकादमीच्या मुलांच्या ताटात हा पदार्थ दरवर्षी असतो, इतकंच.

ऐकायला हे सोपं वाटतं. अकादमीच्या समन्वयक बाईंनी मला सर्वांत आधी काय दाखवलं असेल तर वेळापत्रक. भिंतभर कागद आणि त्यावर रंगीत चौकोन. एवढ्या मोठ्या शाळेत पन्नास-साठ मुलं ठरावीक शिक्षकांकडे ठरावीक तासाला एकत्र आणायची आणि त्या सगळ्या शिक्षकांना दिवसातला एक तास एकाच वेळी मोकळा ठेवायचा, म्हणजे बाकीच्या शाळेचं वेळापत्रक विस्कटतं. बँडचा तास आडवा येतो, वरच्या पातळीचं गणित आडवं येतं, नुकत्याच देशात आलेल्या मुलांचा इंग्रजीचा वर्ग आडवा येतो. मुख्याध्यापक बदलले की पहिला घाव त्या मोकळ्या तासावर पडतो.

तो तास का हवा, हे त्या तासाला बसल्यावर कळलं. शिक्षक चहाकॉफी घेऊन जमले आणि एकेक मुलाचं नाव घेऊन बोलू लागले. एक मुलगा तीन दिवस पहिल्या तासाला झोपतो आहे. गणिताच्या सरांना वाटत होतं, त्याला विषयात रस नाही. इतिहासाच्या बाईंना ठाऊक होतं की तो रात्री काकाच्या दुकानात माल लावतो. दोघांची माहिती एकत्र आली आणि मुलाचा पहिला तास बदलायचं ठरलं. हजारो मुलांच्या शाळेत असं मूल वर्षभर झोपून नापास होऊ शकतं आणि त्याचं कारण कुणालाच कळत नाही.

वॉल स्ट्रीटला माणसं हवी होती

हा प्रकार उगवला कुठून? अमेरिकेत शाळेतल्या धंदेशिक्षणाचा इतिहास फारसा अभिमानाचा नाही. १९१७च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने शेती, कारागिरी आणि गृहशास्त्र शिकवायला केंद्राचा पैसा आला आणि शाळांत दोन वाटा पडल्या. एक वाट कॉलेजकडे, दुसरी कारखान्याकडे. दुसऱ्या वाटेवर कुणाला पाठवायचं हे बहुधा मुलाचा रंग, आडनाव आणि बापाचा पगार पाहून ठरायचं. हळूहळू त्या वर्गांची कीर्ती अशी झाली की ज्याचं कुठेच जमत नाही त्याला तिथे पाठवा.

१९६९मध्ये फिलाडेल्फियातल्या एडिसन हायस्कूलमध्ये एक वेगळा प्रयोग झाला. शहर दंगलींनी होरपळलेलं, मुलं शाळा सोडून चाललेली. तिथल्या वीज कंपनीच्या मदतीने शाळेच्या आतच विजेच्या कामाची छोटी अकादमी निघाली. त्यात धंदा होता, पण कॉलेजला लागणारे नेहमीचे विषयही होते. दोन वाटांची एक वाट करण्याचा हा प्रयत्न होता. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियाने तो उचलला आणि पुढे राज्याचा कायदा करून त्याला पैसा दिला.

वित्ताची अकादमी आली ती न्यूयॉर्कहून, आणि तिच्यामागे शिक्षणतज्ज्ञ नसून शेअर दलाल होता. सॅनफर्ड वाइल हा ब्रुकलिनमध्ये वाढलेला, पोलंडहून आलेल्या ज्यू स्थलांतरितांचा मुलगा. १९८२मध्ये तो शिअरसन-अमेरिकन एक्सप्रेस या बड्या दलाली पेढीत वरच्या खुर्चीवर होता. वित्तसंस्थांना कामाला हुशार मुलं हवी होती. शहरातल्या सरकारी शाळांतली मुलं वॉल स्ट्रीटपासून सबवेच्या काही स्टेशनांवर राहत होती, पण त्या इमारतींत कधी पाऊल टाकत नव्हती. त्याने शाळा खात्याशी बोलून ब्रुकलिनच्या जॉन ड्यूई हायस्कूलमध्ये पहिली ‘अकॅडमी ऑफ फायनान्स’ काढली. पहिल्या तुकडीत ३५ मुलं होती. ‘करत करत शिका’ असं आयुष्यभर सांगणाऱ्या तत्त्वज्ञाचं नाव त्या शाळेला होतं, हा योगायोग मोठा सुरेख. १९८९मध्ये या कामासाठी ‘नॅशनल अकॅडमी फाउंडेशन’ स्थापन झालं. आज ते ‘नॅफ’ या नावाने ओळखलं जातं. पर्यटन, अभियांत्रिकी, आरोग्य, माहिती तंत्रज्ञान धरून देशभर त्याच्या सुमारे सहाशे अकादमी आहेत आणि मुलांची संख्या लाखाच्या वर आहे.

दलालाने गरिबांच्या शाळेला हात दिला, ही गोष्ट गोड आहे, पण अर्धीच आहे. याच वाइलने १९९८मध्ये सिटीग्रुप उभा केला. तो पायउतार झाल्यावर दोनेक वर्षांतच, २००८च्या घसरणीत, त्या सिटीग्रुपला सावरायला सरकारला ४५ अब्ज डॉलर घालावे लागले. २०१२मध्ये खुद्द वाइलनेच दूरचित्रवाणीवर सांगितलं की एवढ्या मोठ्या बँका आता तोडायला हव्यात. मी पाहिलेल्या अकादमीत व्यवसायनीतीच्या तासाला हा सगळा प्रकार धडा म्हणून घेतात. २००८नंतर गावातली किती घरं बँकांनी ताब्यात घेतली, हे त्या वर्गातल्या काही मुलांना घरातूनच माहीत असतं. त्यामुळे तासाला चर्चा चांगली रंगते आणि शिक्षक कुणाचीच बाजू घेत नाहीत.

साडेसातची बैठक

अकादमीचा खरा कणा वर्गात दिसत नाही. तो दिसतो महिन्यातून एकदा, सकाळी साडेसातला, शाळेच्या ग्रंथालयात. तिथे सल्लागार मंडळ भरतं. जवळच्या बँकेच्या शाखेची व्यवस्थापक, एक विमा एजंट, करसल्लागार बाई, नगरपालिकेच्या लेखा विभागातला अधिकारी, मॅनहॅटनमधल्या मोठ्या वित्तसंस्थेतले दोघे. त्यातला एक मूळचा सांगलीचा निघाला. न्यू जर्सीच्या या पट्ट्यात बँकांच्या संगणक विभागांत मराठी माणसं बरीच आहेत, त्यामुळे नवल वाटलं नाही. कामावर जायच्या आधी येता यावं म्हणून बैठक साडेसातला, आणि साडेआठला संपलीच पाहिजे.

विषयपत्रिकेवर भाषणं नव्हती. उन्हाळ्यात किती मुलांना जागा मिळणार, कोणाच्या कचेरीत किती, पगार कोण देणार, मुलांच्या मुलाखतींच्या सरावाला मार्चमध्ये कोण येणार. कोट-टाय नसलेल्या मुलांसाठी शाळेने एक कपाट ठेवलं आहे. त्यात मुलांच्या मापाचे बूट संपले होते, ते कुणीतरी आणायचं कबूल केलं. विमा एजंटाने गेल्या वर्षीच्या मुलाविषयी स्पष्ट तक्रार केली: फोन वाजला की उचलायचा नाही, नुसता बघत बसायचा. समन्वयक बाईंनी ते लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात दहावीच्या वर्गात अनोळखी माणसाचा फोन कसा घ्यायचा याचा तास झाला. कोणत्याही अभ्यासक्रमात हा धडा सापडणार नाही.

अकरावी संपल्यावरच्या उन्हाळ्यात इंटर्नशिप असते. नॅफचा आग्रह असा की ती पगारी असावी. आग्रहामागचं कारण साधं आहे: ज्या घरात उन्हाळ्यात मुलाला पिझ्झाच्या दुकानात कमवायला जावंच लागतं, त्या घराला बिनपगारी अनुभवाची चैन परवडत नाही. बिनपगारी जागा ठेवली की ती आपोआप सुखवस्तू घरातल्या मुलाला जाते. अठराच्या आतल्या मुलाला कामावर घ्यायचं तर राज्याची परवानगी लागते, तिला ‘वर्किंग पेपर्स’ म्हणतात. मालकाने किती तास, कोणतं काम, ते भरायचं. पालकांना हरकत घेता येते. मे महिन्यात समन्वयक बाईंचा निम्मा वेळ या परवानग्यांच्या मागे धावण्यात जातो.

कागदोपत्री नसलेली कामं त्याहून जास्त. एका मुलीला मॅनहॅटनमधल्या कचेरीत जागा मिळाली. नदीपलीकडे, ‘पाथ’ रेल्वेने जेमतेम वीस मिनिटांवर. तिच्या आईने नकार दिला. आई स्वतः त्या भागातल्या इमारती रात्री झाडायला जायची, त्यामुळे लेक तिथे दिवसा काय करणार याचा तिला अंदाजच येईना. बाईंनी आईला एका दुपारी सोबत नेलं, मुलगी जिथे बसणार ते टेबल दाखवलं, तिच्यावर लक्ष ठेवणाऱ्या बाईशी ओळख करून दिली. त्यानंतर आईने होकार दिला. ही गोष्ट मला सांगताना बाईंनी पुन्हा पुन्हा एकच सांगितलं: आईला माहितीपत्रक पाठवून काही झालं नसतं.

खोटी कंपनी, खरं भांडण

बारावीच्या एका खोलीत बाकं नाहीत. टेबलं मांडून विभाग केलेत: लेखा, विक्री, मनुष्यबळ, जाहिरात. ही मुलांची कंपनी. ती विकते तो माल अस्तित्वात नाही, बँकेतला पैसाही खेळातला. पण देशभरात अशा शेकडो वर्गांच्या कंपन्या एकमेकींकडून खरेदी-विक्री करतात, बिलं पाठवतात, भाडं, पगार आणि कर भरतात. युरोपातल्या ‘सराव पेढी’वरून घेतलेली ही कल्पना न्यूयॉर्कच्या शाळांत १९९६मध्ये ‘व्हर्च्युअल एंटरप्रायझेस’ नावाने आली. दर वसंतात त्यांची मोठी बाजारजत्रा न्यूयॉर्कात भरते.

मी गेले त्या दिवशी लेखा विभाग आणि विक्री विभाग यांच्यात जुंपली होती. विक्रीवाल्यांनी दुसऱ्या शाळेच्या कंपनीला उधारीवर माल ‘दिला’ होता आणि महिना उलटला तरी पैसे आले नव्हते. विक्रीचा प्रमुख म्हणत होता की आपला खप विक्रमी आहे. लेख्याची मुलगी म्हणत होती की खात्यात पगारापुरते पैसे नाहीत. नफा आणि हातातली रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वाक्य पाठ करायला एक मिनिट लागतं. ते कळायला मात्र पैसे खोटे असले तरी भांडण खरं व्हावं लागतं. शिक्षक कोपऱ्यात बसून होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला: पगार कुणाचा थांबवायचा? खोली एकदम शांत झाली. मग विक्रीचा प्रमुख फोनवर, म्हणजे खऱ्या फोनवर, त्या शाळेतल्या मुलांकडे वसुलीला लागला.

स्पर्धाही असतात. १९४६पासून चालत आलेल्या ‘डेका’ या विद्यार्थी संघटनेच्या स्पर्धेत मुलाला एक प्रसंग लिहून देतात, दहा मिनिटं विचार करायला मिळतात आणि मग परीक्षक चिडलेलं गिऱ्हाईक किंवा साहेब बनून समोर बसतो. उत्तर पाठ करून जाता येत नाही. आपल्या वक्तृत्व स्पर्धांत वाढलेल्या मला हे पाहून जरा हेवाच वाटला.

चिठ्ठ्या टाकून केलेला हिशेब

पण या सगळ्याने मुलांचं भलं होतं का? इथे एक दुर्मीळ गोष्ट घडली आहे. शिक्षणातल्या बहुतेक प्रयोगांचं यश त्या प्रयोगाच्याच माहितीपत्रकात वाचायला मिळतं. शाळेच्या आतल्या अशा अकादमींचं, म्हणजे ‘करिअर अकादमीं’चं, मात्र औषधाच्या चाचणीसारखं मोजमाप झालं. एमडीआरसी या संशोधन संस्थेने १९९३मध्ये ते सुरू केलं. देशातल्या नऊ हायस्कूलांतल्या अकादमी निवडल्या. त्यांत वित्त होतं, आरोग्य होतं, इलेक्ट्रॉनिक्स, पर्यटनही होतं. जागांपेक्षा अर्ज जास्त होते, म्हणून सोडत काढली. चौदाशेच्या वर मुलं होती, बहुतेक कृष्णवर्णीय किंवा लॅटिन अमेरिकी वंशाची. चिठ्ठी निघालेल्यांना आणि न निघालेल्यांना संशोधक हायस्कूल संपल्यानंतर आठ वर्षांपर्यंत विचारत राहिले. दोन्ही गटांची हौस आणि घरची परिस्थिती सारखीच असल्याने पुढे पडणारा फरक अकादमीमुळेच पडला, असं म्हणता येतं.

शाळा सुरू असताना आलेले निष्कर्ष निराशाजनक होते. चाचणी परीक्षांचे गुण वाढले नाहीत. पुढेही तेच. हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखं, कॉलेजची पदवी किंवा प्रमाणपत्र मिळवणाऱ्यांचंही सारखंच. प्रयोग इथेच थांबला असता तर अकादमी फसल्या असा शेरा बसला असता.

२००८मध्ये आठ वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. अकादमीच्या मुलांची कमाई वर्षाला सरासरी २,०८८ डॉलरनी, म्हणजे ११ टक्क्यांनी जास्त होती. तरुण पुरुषांत तर ती १७ टक्के, वर्षाला ३,७३१ डॉलर जास्त होती. शिवाय, जोडीदार आणि मुलांसह स्वतंत्र संसार करणाऱ्यांचं प्रमाणही या गटात अधिक निघालं. मुलींच्या कमाईत मात्र ठळक फरक पडला नाही, हे विसरून चालणार नाही. करमदतीच्या टेबलावरच्या त्या मुलीसमोर हे वाक्य मला म्हणवलं नसतं.

गुण तेवढेच, पदवी तेवढीच, मग कमाई का वाढली? सल्लागार मंडळाच्या बैठकीला बसलेल्या कुणालाही उत्तर सुचेल. या मुलांनी सतराव्या वर्षी कचेरी आतून पाहिली होती. चूक झाली तर कुणाला सांगायचं, पगाराचं बोलणं कसं करायचं, रिकामी जागा आहे हे कुठे कळतं, शिफारस कुणाची मागायची हे त्यांना ठाऊक झालं होतं. व्यापाऱ्याच्या मुलाला हे गल्ल्यामागच्या खुर्चीवर बसून मिळतं, डॉक्टर-वकिलाच्या मुलाला जेवणाच्या टेबलावर मिळतं. रात्री इमारती झाडणाऱ्या आईच्या मुलीला ते कुणीतरी मुद्दाम द्यावं लागतं. अकादमी नेमकं तेच देते. वित्ताचा अभ्यासक्रम हे त्यासाठी निमित्त ठरतं.

त्याच नावाची दुसरी दुनिया

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींत मी या विषयावर लिहिते आहे असं म्हटलं की पहिला प्रश्न येतो: कोणती अकादमी, बर्गनची का? हॅकेन्सॅकमधल्या ‘बर्गन काउंटी अकॅडमीज’ या सार्वजनिक हायस्कूलमध्येही व्यापार-वित्ताची स्वतंत्र अकादमी आहे. फी तिथेही नाही. पण तिथे प्रवेश परीक्षा आहे, आधीचे गुण पाहतात आणि सगळ्या काउंटीतून मुलं येतात. भारतीय आणि चिनी घरांत त्या प्रवेशाची तयारी सहावी-सातवीपासून चालते. शाळा नावाजलेली आहे आणि तिची मुलं पुढे उत्तम कॉलेजांत जातात.

दोन्हीकडे पाटी अकादमीचीच, काम मात्र अगदी निराळं. एकीत जगाची ओळख असलेल्या घरातली मुलं निवडून घेतली जातात, दुसरीत ती ओळख नसलेल्या मुलांना ती करून दिली जाते. पहिलीचे निकाल डोळे दिपवतात, कारण मुलं आधीच पुढे असतात. दुसरीचा परिणाम दिसायला आठ वर्षं थांबावं लागतं. शिक्षणमंत्री, नगरसेवक, देणगीदार यांना पहिलीचा फोटो काढणं सोपं जातं. न्यू जर्सीतही, महाराष्ट्रातही.

आपल्याकडे काय उचलायचं

व्यापारशिक्षणात आपण मागास मुळीच नव्हतो. मुंबईचं सिडनहॅम कॉलेज १९१३चं. आशियातलं पहिलं वाणिज्य महाविद्यालय म्हणून त्याची ओळख आहे. आज महाराष्ट्रात अकरावी-बारावीची लाखो मुलं पुस्तपालन आणि लेखाकर्म, वाणिज्य संघटन, चिटणीसाची कार्यपद्धती हे विषय घेतात. किर्द-खतावणी वहीत अचूक उतरवणारी मुलगी मला कोणत्याही तालुक्यात सापडेल. तिने एखाद्या दुकानाची खरी किर्द पाहिली असेल, याची मात्र खात्री देता येणार नाही.

प्रयोग आपणही केले. १९३७च्या वर्धा परिषदेतून नई तालीम आली. कर्मवीरांच्या रयतने ‘कमवा आणि शिका’ योजनेतून कष्टाला शाळेत मानाची जागा दिली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ‘किमान कौशल्य’ अभ्यासक्रम आला. त्यात प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षणही होतं, पण समाजाने त्याला अमेरिकेतल्या त्या दुसऱ्या वाटेसारखीच वागणूक दिली: गुण कमी पडले की तिकडे. जिल्हा परिषदांच्या शाळांत बालआनंद मेळाव्याला मुलं भाजी विकतात, गटविकास अधिकारी दहा रुपयांची मेथी घेतात, फोटो निघतो. एका दिवसापुरतं ते छानच आहे. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तर २०२५पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसायशिक्षणाचा अनुभव मिळावा असं लक्ष्य लिहून ठेवलं.

धोरण आलं की आपण पाठ्यपुस्तक काढतो, मग गुणदान ठरवतो, मग वही तपासतो. अमेरिकेच्या त्या सोडतीच्या प्रयोगातून कळतं ते नेमकं उलट आहे. ज्याची परीक्षा घेता येते त्यात काही फरक पडला नव्हता. फरक पडला तो कचेरीतल्या खुर्चीने आणि त्या खुर्चीशेजारच्या मोठ्या माणसाने. शिक्षकांचा तो रोजचा मोकळा तास आणि साडेसातची बैठक नसेल, तर बाकी सगळं अभ्यासक्रमाची आणखी एक वही होऊन कपाटात जाईल.

आणि या गोष्टी जमवायला वॉल स्ट्रीट लागत नाही. आपल्या तालुक्याच्या गावात पतसंस्था असते, बाजार समिती, दूध संघ, करसल्लागाराची कचेरी, कृषी सेवा केंद्र, हॉलमार्क घेऊन बसलेला सराफ असतो. पीकविम्याच्या मुदतीत, शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या दिवसांत सेवा केंद्रांपुढे रांगा लागतात आणि एजंटांचं फावतं. परीक्षा देऊन तयार झालेली अकरावीची मुलं शनिवारी शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकून ते अर्ज भरू शकतील, कुणीतरी जाणता तपासायला हवा. आपला बालकामगार कायदाही इथे आड येत नाही: चौदाच्या पुढच्या मुलाला धोकादायक नसलेल्या कामावर ठेवता येतं. अडचण कायद्याची नाही. शाळेतून फोन करणारं आणि कचेरीतून तो उचलणारं माणूस ठरलेलं नसतं, ही अडचण आहे.

या अंकाच्या वाचकांत व्यापारी आहेत, बँकेतले आहेत, सीए आहेत, पतसंस्थांचे संचालक आहेत. त्यांना एवढंच सुचवायचं आहे. दिवाळीची सुट्टी संपली की जवळच्या सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा. देणगी, संगणक, सत्काराचं भाषण यांतलं काही देऊ नका. येत्या मे महिन्यात तुमच्या कचेरीत दोन मुलांना सहा आठवडे बसायला खुर्ची, शिकवायला एक नेमलेलं माणूस आणि महिनाअखेर मोजून हातात पगार द्या. त्यातली एक तरी मुलगी असावी, आणि ती अशा घरातली असावी जिथे आजवर कुणी गल्ल्यामागे बसलेलं नाही.